लहान ट्रॅक्टरचे सुरक्षा-स्विच : दोष कसा शोधावा

द्राक्षबागेच्या अरुंद ओळींतून चालणारा लहान ट्रॅक्टर आतां पुष्कळ बागाइतदारांच्या घरीं आला आहे. फवारणीच्या ऐन दिवसांत चावी फिरवावी आणि यंत्रानें हूं कीं चूं करूं नये, असा प्रसंग त्यांतील अनेकांवर येतो. अशा वेळीं दोष पुष्कळदां इंजिनांत नसून सुरक्षा-स्विचांत असतो. त्याची तपासणी कोणत्या क्रमानें करावी व काय मुळींच करूं नये, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

चावीपासून स्टार्टरच्या रिलेकडे जाणारी बारीक वायर वाटेंत एक, दोन किंवा तीन स्विचांतून जाते. क्लचचा स्विच पेडल पूर्ण दाबल्यावर, गिअरपेटीवरील स्विच गिअर न्यूट्रलमध्यें असतांना व पीटीओचा स्विच पीटीओ बंद असतांना वीज पुढें जाऊं देतो. यांपैकीं एकानें अडविलें तरी स्टार्टर फिरत नाहीं. कांहीं ट्रॅक्टरांत आसनाखालींही एक स्विच असतो. पीटीओ चालू असतां चालक उठल्यास तो इंजिन बंद करितो. आपल्या ट्रॅक्टरास कोणते स्विच आहेत, तें कंपनीच्या पुस्तिकेंत पाहावें.

महसूल खात्यांत हिशेबाची चूक शोधतांना आम्ही पहिल्या नोंदीपासून आरंभ करीत असूं. येथेंही तोच क्रम बरा.

१. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून हँडब्रेक लावावा. सर्व गिअर न्यूट्रलमध्यें व पीटीओ बंद करावा. आसनावर नीट बसून, क्लच पूर्ण दाबून चावी फिरवावी. पुष्कळ ‘बिघाड’ येथेंच संपतात.

२. नंतर बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर सुमारें 12.6 व्होल्ट दाखविते. टर्मिनलांवरील पांढरा-हिरवा थर काढून तीं घट्ट करावीं व फ्यूज तपासावा.

३. चावी फिरवितांना कान द्यावा. ‘टक्’ असा आवाज येऊनही स्टार्टर न फिरल्यास दोष बॅटरी, जाड केबल, अर्थिंग अथवा स्टार्टर यांत असण्याचा संभव. दिवे प्रखर असून आवाजच नसल्यास स्विचांकडे वळावें.

४. बॅटरीची ऋण केबल सोडून एकेका स्विचची जोडणी काढावी. चिखल, गंज, उंदरांनीं कुरतडलेली वायर, वाकलेली पट्टी यांचा शोध घ्यावा. मग मल्टिमीटरनें स्विच दाबून व सोडून पाहावा. दोन्ही स्थितींत मापन एकच आल्यास स्विच निकामी समजावा. कोणता स्विच दाबल्यावर जुळतो व कोणता सुटतो, हें पुस्तिकेवरून ठरवावें.

ब्लोअर चालू असतां गचका बसतांच इंजिन बंद पडत असेल, तर आसनाखालील स्विच व त्याची वायर प्रथम पाहावी.

आतां आमची चूक सांगतों. एका हंगामांत आमचा ट्रॅक्टर असाच अडला. घाई होती, म्हणून आम्हीं क्लचच्या व गिअरच्या दोन्ही स्विचांच्या वायरी परस्पर जोडून टाकल्या. ट्रॅक्टर चालू झाला व आम्हांस आपल्या हुशारीचें कौतुक वाटलें. दुसरे दिवशीं मुलानें खालीं उभें राहूनच चावी फिरविली. गिअर पडलेला होता. ट्रॅक्टर उसळून पुढें गेला व मांडवाच्या खांबास जाऊन भिडला. मागचें चाक मुलाच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेलें. त्याच सायंकाळीं वायरी पूर्ववत् करून वरील क्रमानें तपासणी केली, तों क्लचच्या स्विचची दांडी वाळलेल्या चिखलानें अडकलेली आढळली. ती साफ करण्यास पैसाही लागला नाहीं.

म्हणून आग्रहाचें सांगणें इतकेंच कीं, स्विच निकामी असेल तर नवा बसवावा. वायरी जोडून त्याला कायमचा निरुपयोगी करूं नये. 540 च्या वेगानें फिरणारा पीटीओचा दांडा एका सेकंदांत 9 फेरे घेतो. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यांत सांपडल्यावर सोडविण्यास अवधि मिळत नाहीं. एका दिवसाची फवारणी पुढें ढकलतां येते. गेलेला हात परत येत नाहीं.