आधी वारा, मग किनारा

चि. निनाद,


तुम्हा मित्रांच्या सामायिक काल्पनिक जगाचा नकाशा पाहिला. तुझ्या बेटाची नदी पूर्वेच्या समुद्रातून निघून पश्चिमेच्या समुद्राला मिळते, ते तेवढं पूस. नदी डोंगरातून उतरते, वाटेत तिला ओढे येऊन मिळतात; तिला फाटे फुटलेच तर मुखाशी, गाळाच्या सपाटीवर. हे किरकोळ झालं. मला खटकलं ते वेगळंच. प्रत्येकाने आपापलं बेट घरी बसून काढलंत आणि सगळी एका समुद्रात सोडून दिलीत. समुद्र आणि वारा मात्र कुणाच्याच वाट्याला आला नाही.

आधी एकत्र बसून ठरवा, की ही बेटं तिथे आलीच कशी. हवाई बेटांखाली उष्णतेचा स्रोत जागच्या जागी आहे आणि वरचा पॅसिफिक भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर वायव्येकडे सरकतो. म्हणून आग्नेय टोकाचं मोठं बेट अजून लाव्हा ओकतंय, तर सुमारे 50 लाख वर्षांचं कवाई दऱ्यांनी पार कोरून निघालंय. आणखी वायव्येला गेलं की उरतात खडकांचे सुळके आणि प्रवाळाची कडी. तुमच्यातल्या तिघांची बेटं अशीच एका ओळीत आहेत, मग धगधगता ज्वालामुखी तिघांनाही कसा मिळेल? भांडण होईल. होऊ दे. सगळ्यांनाच तो हवा असेल, तर ॲल्युशियनसारखी कमान काढा. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, त्यामुळे कमानभर ज्वालामुखी आणि बाहेरच्या अंगाला खोल गर्ता. मग भूकंपही पदरी घ्यावे लागतील.

आता वारा. तो सगळ्या नकाशाला एकच असू दे. हवाईच्या मोठ्या बेटावर ईशान्य वाऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या हिलोला वर्षाला 3000 मिमीहून जास्त पाऊस पडतो, आणि डोंगरापलीकडे कावाइहेला 300 मिमीसुद्धा नाही. महाबळेश्वर आणि म्हसवड पाहिलेल्या मुलाला पर्जन्यछाया काय समजावायची! तरी तू बेटाच्या चारही बाजूंना सारखंच जंगल रंगवलं आहेस.

पिण्याच्या पाण्याचा विचार तर कुणीच केलेला दिसत नाही. लक्षद्वीपच्या सपाट प्रवाळबेटांवर नदी नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर ताकावरच्या लोण्यासारखं तरंगत राहतं. विहिरीतून उपसा जास्त झाला की खारं पाणी वर येतं. म्हणजे किती माणसं राहणार, हे तो गोड्या पाण्याचा थर ठरवतो. तुझ्या मित्राने तसल्याच बेटावर मोठी राजधानी वसवली आहे. ती प्यायला काय पिते, हे त्याला विचार. मालवणच्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत म्हणून भर समुद्रात शिबंदी राहू शकली. तटबंदीचं कौतुक सगळे करतात, मी विहिरींचं करते.

आणि समुद्राची खोली. बाली आणि लोंबोक यांच्यामध्ये जेमतेम 35 किमीची सामुद्रधुनी आहे, पण खोल. हिमयुगात समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेला तेव्हा बाली जावाला जोडलं गेलं, लोंबोक सुटंच राहिलं. म्हणून वाघ बालीपर्यंत पोचला, पुढे नाही. पक्ष्यांमधला असाच फरक निसर्गसंशोधक वॉलेसने 1856 साली तिथे टिपला. तुझ्या बेटावर वाघ आहेत, शेजारच्यावर नाहीत. मग मधल्या पाण्यावर खोलीचा आकडा लिहा. तो आकडा तुम्हा दोघांचा, एकट्याने बदलायचा नाही.

बंदर तू वाऱ्याच्या तोंडावर ठेवलं आहेस. ते आडोशाच्या अंगाला हलव. तिकडे पाऊस कमी, म्हणजे गोडं पाणी डोंगरापलीकडून आणावं लागेल. कुणी आणलं, कसं आणलं आणि त्याचे पैसे कोण घेतं, ते लिहून पुढच्या नकाशासोबत पाठव.

तुझी,
आत्या