सही करण्याआधी

अगं, जीएनएम झालीस, नवी मुंबईत नोकरीही ठरली, छान झालं. वाशी-नेरूळची भाडी, हार्बरची गर्दी, सलग नाइट ड्युट्या, सगळं अंगवळणी पडेल. पण एक गोष्ट आत्ताच मनाशी बांधून ठेव. नोकरी हॉस्पिटलची असते, रजिस्ट्रेशन मात्र तुझं असतं. हॉस्पिटलं बदलत राहशील, पण तो नंबर जन्मभर तुझ्याबरोबर राहणार.

म्हणून आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं काम उरक. हे कौन्सिल 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली चालतं. निकाल हातात आला म्हणून कुणी सिस्टर होत नाही, नोंदवहीत नाव चढावं लागतं. चौकशीत दोषी ठरलं तर तेच नाव काढून टाकायचा अधिकारही कौन्सिलला आहे. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यासाठी सीएनईचे तास लागतात. तेव्हा प्रत्येक वर्कशॉपचं सर्टिफिकेट फाइलला लाव, शेवटच्या महिन्यात धावपळ नको. रूमवर केरळची मैत्रीण असेल तर तिलाही सांग, तिकडची नोंद असली तरी इथं वेगळी करावी लागते. आणि हो, जॉइन होताना मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची. मूळ कागद कुणाच्या कपाटात ठेवायचे नाहीत. बाँड पुढे केला तर घरी आणून वाच, मग सही कर.

आता वॉर्डातलं. 1998 चा स्प्रिंग मेडोज खटला आम्ही प्रत्येक नव्या मुलीला सांगतो. दिल्लीतल्या हॉस्पिटलात टायफॉइडचं एक लहान मूल होतं. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल सांगितलेलं, सिस्टरने शिरेतून क्लोरोक्विन दिलं. मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. ती सिस्टर कुठल्याच कौन्सिलकडे नोंदलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाखांची भरपाई हॉस्पिटलवर कायम केली. मालकाला नोकराच्या चुकीची भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व जुनंच आहे.

पण भरपाई हॉस्पिटलने दिली म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. भारतीय न्याय संहितेचं कलम 106 बघ. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसं झालं तर मात्र दोन वर्षांपर्यंत. ही सवलत ज्याचं नाव मेडिकल रजिस्टरमध्ये आहे त्यालाच. आपलं नाव नर्सिंगच्या नोंदवहीत, म्हणजे आपण त्यात बसत नाही.

घाबरवत नाही गं, लिहायची सवय लावून घे म्हणते. फोनवर ऑर्डर आली तर तिथंच लिही, औषध, डोस आणि रूट परत वाचून दाखव, आणि राउंडला डॉक्टरांची सही घेतल्याशिवाय सोडू नकोस. अक्षर लागलं नाही तर विचार, रात्रीचे तीन वाजले असले तरी. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपारिन असेल तर दुसऱ्या सिस्टरला बघायला लाव. नर्सेस नोट्समध्ये वेळ टाक आणि जे केलंस तेच लिही. चुकलं तर एक रेघ मारून सही कर. व्हाइटनर लावलेलं पान कोर्टात वकिलाच्या पथ्यावर पडतं. संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला हरकत नाही, पण ऑपरेशनचे धोके समजावणं डॉक्टरांचं काम आहे, ते अंगावर घेऊ नकोस. जे शिकवलेलं नाही ते करायला लावलं तर सरळ म्हण, ‘सर, हे माझ्या ट्रेनिंगमध्ये नाही, तुम्ही या.’ कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

कायदा आपल्या बाजूनेही आहे बरं. नातेवाइकांनी हात उचलला तर राज्याचा 2010 चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा नोंदणीकृत परिचारिकेलाही लागू होतो. गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. आपल्या मुली ‘जाऊ दे’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येतात. तू तसं करू नकोस. त्याच रात्री इन्चार्ज सिस्टरकडे लेखी दे, तुझी कॉपी घे आणि पोलिसात तक्रार झाली की नाही ते विचारत राहा.