सर्व्हर चांगला, पण घेणार कोण?

प्रश्न : तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत उद्या कोणी वीज वाचवणारे सर्व्हर बनवले, तर मोठ्या कंपन्या ते लगेच घेतील का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : लगेच नाही. २०११मध्ये फेसबुकने आपल्या डेटा सेंटरचे आराखडे खुले केले. वीज ३८ टक्के आणि खर्च २४ टक्के कमी, असा दावा होता. तरी बँकांसारख्या मोठ्या कंपन्या सावकाशच हलल्या. त्यातून पुढे आलेला ओपन रॅक, म्हणजे सर्व्हर बसवायचा सांगाडा, २१ इंची; बँकांची केंद्रे १९ इंची रॅकने भरलेली. शिवाय बँकेला मध्यरात्री फोन उचलणारा विक्रेता लागतो. माझ्या मते खरी मेख हिशेबात आहे: सर्व्हर आयटी विभाग घेतो, विजेचे बिल अनेकदा दुसराच विभाग भरतो. बचतीचे श्रेय नाही, बंद पडल्याचा ठपका मात्र नक्की! तुयेतल्या उत्पादकाने १९ इंची रॅकमध्ये बसेल असेच बनवावे, देखभालीच्या करारासकट.