माल का घेतला, हे कुठल्या वहीत लिहिलंय?



"रोज डायरी लिहा" म्हटलं की दुकानदार हसतो. "सर, गल्ला मिळवेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, मनातलं कधी लिहू?" बरोबर आहे. म्हणून मी मनातलं लिहायला सांगतच नाही.

वळला माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. खोके, टेप, स्ट्रेच रोल. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूची गोदामं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही स्ट्रेच रोल नेहमीच्या तिप्पट भरले आणि त्याच महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाने गोदाम हलवलं. माल पडून राहिला, पैसे अडकले. भाऊ म्हणाला, "मी तेव्हाच नको म्हणत होतो." मी म्हणालो, "तूच म्हणालास, भाव वाढणार." दोघंही शपथेवर सांगत होतो! पंधरा दिवस एकाच काउंटरला उभे राहून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. निरोप आईमार्फत.

बिल होतं, जीएसटीची नोंद होती, किती रोल आले तेही होतं. का घेतले, ते कुठेच नव्हतं.

आमच्यापैकी खोटं कोण बोलत होतं? बहुतेक कोणीच नाही. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी १९७५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जायच्या आधी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, काय काय घडण्याची शक्यता किती वाटते? दौरे झाल्यावर त्याच मुलांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय सांगितलं होतं, आठवा. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं बऱ्याच जणांना आठवलं. म्हणजे निकाल कळला की आठवण त्याच्याकडे सरकते. "मला वाटलंच होतं" हे वाक्य माणूस मनापासून बोलतो.

यावर एकच इलाज, निकाल लागायच्या आधी लिहून ठेवणं. आणि ही काही बाहेरून आलेली फॅशन नाही. रोजनिशी शब्दातला "निशी" म्हणजे फारसी नविशी, लिहिणं. चिटणीस, फडणीस यांच्यातला "नीस" त्याच घरातला. पेशव्यांच्या रोजनिशा वाड यांनी निवडून काढल्या, त्या आजही छापील मिळतात. त्यात पेशव्यांच्या मनाची घालमेल शोधू नका. कोणाला इनाम दिलं, कोणत्या गावाला सूट दिली, असा कारभार आहे. तिकडे व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोलीने हिशोबाचं पुस्तक छापलं, त्यातही जर्नलच्या आधी एक कच्ची वही सांगितली आहे, घडलं तसं लगेच टिपायची. बीबीएला आम्ही जर्नल आणि लेजर घासलं, कच्च्या वहीवर मात्र कोणी दोन मिनिटं घालवली नाहीत.

तर वही कशी ठेवायची? साधी दोनशे पानी. मोबाईलवर नको, नोंद करायला उघडाल आणि व्हॉट्सॲपमध्ये अर्धा तास जाईल. शटर ओढायच्या आधी दिवसातला एकच निर्णय लिहा. काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं आणि ते कधी कळेल. शेवटी, कोण नको म्हणत होतं. माझं एक पान असं आहे: "३ जून. खोके दीड महिन्याचे घेतले. पावसात गाड्या अडकतात, माल वेळेत येत नाही. जुलैअखेर संपतील असं वाटतं. भाऊ म्हणतो, दमट हवेत खोके मऊ पडतील." बस. पाच मिनिटं.

एखादा दिवस चुकला तर पान कोरं सोडा. रविवारी बसून आठवड्याचं भरू नका. मग तुम्ही आठवण लिहिता, नोंद नाही.

महिन्यातून एकदा मागची पानं वाचा. मला दिसलं की माझ्या फसलेल्या खरेद्या बहुतेक रात्री नऊनंतर फोनवर ठरल्या होत्या, सेल्समन "आजच्या आज सांगा" म्हणत असताना. तेव्हापासून रात्री ऑर्डर देत नाही. (ते खोके? थोडे मऊ पडलेच.)

गेल्या वर्षी एका पार्टीला उधारीवर माल दिला, पैसे बुडाले. माझ्या डोक्यात पक्कं होतं, दोघांनी मिळून दिला. वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं, "भाऊ नको म्हणतोय. तरी देतोय, माणूस ओळखीचा आहे."

पान तसंच त्याच्यासमोर ठेवलं. त्याने वाचलं, काही बोलला नाही, दोन चहा सांगितले. आता उधारी द्यायची असेल तर वही आधी त्याच्याकडे जाते.