सिल्वासाच्या खुणा आणि एका शब्दाचा निवाडा



इतिहासाचा शिक्षक चुकीचे शिकवू शकतो आणि तीच चूक वर्षानुवर्षे शिकवू शकतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या तासाला माझे एक ठरलेले वाक्य असे : ‘इ. स. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी नगर हवेली पोर्तुगीजांना दिली.’ मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि मी त्याला गुण देत असे. एका वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उठून विचारले, “सर, दिली म्हणजे काय दिले? जमीन, राज्य, की नुसता वसूल?” ‘पुढच्या तासाला सांगतो’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढच्या तासालाही मला ते सांगता आले नाही. तिने पुन्हा विचारले नाही. पण प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

पुढे वापीला एका आप्ताकडे जाण्याचा योग आला. तेथून सिल्वासा पंधरा-सोळा किलोमीटरवर. म्हटले, ज्या मुलखाबद्दल आपण इतकी वर्षे बोललो, तो एकदा डोळ्यांनी पाहावा. तेथे पाहिलेल्या खुणा आणि परत आल्यावर ग्रंथालयात बसून वाचलेला एक निवाडा, या दोहोंवरून जे उमगले ते या लेखात मांडतो. गावातील स्मारके कशी वाचावीत, याचा हा एक छोटा पाठ समजावा.

प्रथम रस्ता. वापी सोडली की गुजरातची हद्द संपून दादरा लागते. दादरा म्हणजे तीन गावांचा तुकडा : दादरा, देमणी आणि तिघरा. ते ओलांडले की पुन्हा गुजरातची पट्टी, आणि मग नगर हवेली व तिचे मुख्य ठाणे सिल्वासा. दादरा आणि नगर हवेली मिळून ७२ गावे, क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर. आज या हद्दी बसमध्ये बसल्या बसल्या कळतही नाहीत. पण पोर्तुगीज अमदानीत समुद्रकाठच्या दमणहून सिल्वासाला शिपाई पाठवायचा, तर त्याला प्रथम ब्रिटिशांच्या आणि १९४७ नंतर भारताच्या भूमीतून जावे लागे. पुढचा सारा वाद या वाटेवरून झाला, म्हणून विद्यार्थ्यांनी नकाशा प्रथम पाहावा.

सिल्वासात शिरल्यावर जुन्या खुणा फार दिसत नाहीत. गाव वाढले आहे, कारखाने आले आहेत. शासकीय महाविद्यालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गावाच्या मध्यभागी पोर्तुगीज काळातील पिएदादे मातेचे चर्च आहे. जवळच आदिवासी संग्रहालय आहे; वारली, धोडिया, कोकणा, काथोडी या लोकांची वाद्ये, मुखवटे, शिकारीची व मासेमारीची साधने तेथे मांडलेली आहेत. आणि झंडा चौक आहे. चौकाचे नावही एक स्मारकच असते. पाटी गंजते, चबुतरा रस्तारुंदीत जातो, पण रिक्षावाला जोवर ‘झंडा चौक’ म्हणतो तोवर झेंड्याची आठवण टिकते.

नावावरून गावाचीच गोष्ट सांगतो. १८८५ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून सिल्वासाला शहराचा दर्जा दिला आणि त्याचे नाव ‘व्हिला द पासो द आर्कुश’ असे ठेवले. हे लिस्बनजवळच्या एका गावाचे नाव. गोव्याच्या तत्कालीन गव्हर्नरांची सरदारकीची पदवी त्याच नावाची होती. हे नाव सरकारी कागदांत राहिले आणि लोकांच्या तोंडी सिल्वासाच राहिले. पोर्तुगीज गेल्यावर नाव बदलण्यासाठी कोणाला चळवळ करावी लागली नाही.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांतान’ नावाचे जहाज पकडले होते. पुढे इंग्रजांशी युद्ध जुंपले असताना पोर्तुगीजांचे सख्य पुण्याच्या दरबाराला हवे होते. १७ डिसेंबर १७७९ च्या तहात भरपाई व मैत्री म्हणून दमण प्रांताकडील गावांपैकी १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५ मध्ये त्याप्रमाणे सनदा झाल्या आणि गावे त्यांच्या ताब्यात गेली.

पावणेदोनशे वर्षांनी या तहातील सतरावे कलम हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात वाचले गेले. १९५४ मध्ये भारताने दमणहून जाणारी वाट अडवली, म्हणून पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी तेथे दावा लावला. १७७९ च्या तहाने या गावांचे सार्वभौमत्व आपल्याला मिळाले, तेव्हा तेथे जाण्याचा हक्कही ओघानेच आला, असे पोर्तुगालचे म्हणणे. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड होते, आणि भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला त्या पीठावर बसले होते.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. न्यायालयाने त्या कलमाचे निरनिराळे पाठ तपासले आणि सांगितले की, मराठ्यांनी दिले ते राज्य नव्हे. ती जहागीर, सरंजाम होता. सरंजामदाराने वसूल घ्यायचा. भूमीवरचे स्वामित्व देणाऱ्याचेच राहते, आणि देणाऱ्याला तो परत घेता येतो. मराठ्यांना जेथे मुलूख राज्यासह द्यायचा असे, तेथे ते कायमचा आणि स्वामित्वासह दिल्याचे शब्द स्पष्ट घालीत. असे दुसरे तहही न्यायालयापुढे होते. या तहात तसे शब्द नव्हते.

आपल्या बेळगाव भागातील मुलांना हे परके वाटू नये. सांगली, मिरज, जमखंडीच्या पटवर्धनांनी पेशव्यांकडून सरंजाम घेतला तो फौज बाळगण्यासाठी. म्हणून काही ते त्या वेळी स्वतंत्र राजे झाले नाहीत. आज आपण ‘सरंजामशाही’ हा शब्द वक्तृत्वस्पर्धेत हवा तसा वापरतो. सिल्वासाच्या बाबतीत त्याच शब्दाचा नेमका अर्थ काय, यावर जगातील नामांकित न्यायाधीश बसले होते.

पण येथेच थांबून टाळ्या वाजवल्या, तर मी दुसरी चूक करीन. याच निवाड्यात पुढे म्हटले आहे की, १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी या गावांवरचे पोर्तुगीजांचे स्वामित्व प्रत्यक्षात मानले आणि नंतर भारतानेही ते मुकाट्याने मानले. म्हणजे तहाने जे दिले नव्हते ते पुढच्या वहिवाटीने झाले. वाटेच्या हक्काबद्दलही निकाल दुपदरी होता. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना १९५४ साली वाट होती, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना नव्हती, असे ८ विरुद्ध ७ मतांनी. दादऱ्याच्या घटनेनंतरच्या तणावात भारताने वाट अडवली यात काही गैर केले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. तेव्हा ‘पेशव्यांनी दिली’ हे वाक्य अपुरे, आणि ‘पोर्तुगीजांनी बळकावली’ हेही अपुरे. दगडावर किंवा पाठ्यपुस्तकात एका ओळीत हा इतिहास बसवायचा म्हटला की काही ना काही सुटतेच.

तीच गत तारखांची. २२ जुलै १९५४ ला दादरा मुक्त झाले. फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने ते घेतले. २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. तेथे आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते होते. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून ख्यातनाम झालेले बाबासाहेब पुरंदरे त्यांत होते. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो शिपायांसह निघून गेला, तो ११ ऑगस्टला उधवा येथे भारतीय पोलिसांना शरण आला. पुढची सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात आला. करारावर सही करता यावी म्हणून बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान केले होते. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. या साऱ्यांतून मुक्तिदिन म्हणून पाळला जातो तो २ ऑगस्ट. तो योग्यच आहे. पण दादऱ्याच्या माणसाला आपला दिवस दहा-अकरा दिवस आधीचा वाटला, तर त्याचेही चुकत नाही.

आणि नावे? या लढ्याच्या हकिकती मी वाचल्या, तेव्हा प्रत्येक संघटनेच्या हकिकतीत स्वतःची माणसे ठळक आणि इतरांची पुसट दिसली. कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि त्यांच्याबरोबरचे वारली हेही या मोहिमेत होते. शहरातून गेलेल्या तरुणांची नावे आपल्याला पाठ आहेत. जंगलातली वाट ज्यांच्या पायाखालची होती, त्यांतल्या एकाचेही नाव मला वर्गात सांगता येत नाही. वारल्यांचा ढोल संग्रहालयात आहे, मुक्तीच्या गोष्टीत मात्र वारली नुसते ‘स्थानिक लोक’ असतात. दादऱ्याच्या ठाण्यावर अनिसेतु दु रोझारिओ हा पोर्तुगीजांच्या नोकरीतला पोलीस अधिकारी मारला गेला. त्याचे स्मारक आपण करणार नाही; परंतु त्या रात्री तेथे एक माणूस आपली नोकरी बजावताना मेला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे.

आता तुमच्यासाठी अभ्यास. आपल्या टिळकवाडीतील काँग्रेस विहीर तुम्ही रोज पाहता. डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाला, म्हणजे महात्मा गांधी अध्यक्ष असलेल्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाला, पाणी पुरवण्यासाठी ती खणली गेली. तेथपासून सुरुवात करा. वही घेऊन जा आणि दिसेल त्या प्रत्येक पाटी-पुतळ्यापुढे पाच प्रश्न लिहा : हे कोणी उभारले? केव्हा, म्हणजे घटनेनंतर किती वर्षांनी? कोणत्या भाषेत लिहिले आहे? कोणती तारीख निवडली आहे? आणि कोणाचे नाव नाही? जेथे मजकूर मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत आहे, तेथे दोन्ही शेजारी शेजारी उतरवा. कानडी विभागातील मित्राला बरोबर न्या, आणि दोन्हींत एकच सांगितले आहे का ते ताडून पाहा. तहाच्या निरनिराळ्या पाठांवरून केवढा वाद होऊ शकतो, हे आपण पाहिलेच.

राहता राहिला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. तिचे शिक्षण केव्हाच संपले. हा अंक तिच्या हाती पडेल की नाही, ठाऊक नाही. पडलाच तर : बाई, पेशव्यांनी दिला तो वसूल, राज्य दिले नाही. उत्तराला उशीर झाला. आता वर्गात मी ते वाक्य असे सांगतो : ‘इ. स. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी नगर हवेलीकडील गावांचा १२,००० रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना सरंजाम म्हणून लावून दिला.’ वाक्य लांबले आहे, मुलांना पाठ करायला जड जाते. पण पूर्वीच्या वाक्याला मी आता पूर्ण गुण देत नाही.