फेकून देण्यापूर्वी पाहा
(मंडळीच्या अभ्यासवर्गांत व घरी वाचण्यासाठी पाठ)

मनुष्याचे मन घरासारखे आहे. घरास दार असावे लागते, आणि दारास कडीही असावी लागते. ज्या घराचे दार सदाच बंद, त्यात उजेड व वारा शिरत नाही. ज्याचे दार रात्रंदिवस सताड उघडे, त्यात चोर शिरतात. तेव्हा दार असावे की नसावे हा प्रश्नच नव्हे. ते केव्हा, कोणासाठी व किती उघडावे, हे समजणे म्हणजे शहाणपण होय. ह्या पाठात आम्हांस मनाच्या ह्या दाराचा विचार करावयाचा आहे.

आमच्या पवना व इंद्रायणी काठच्या मुलखात ह्या विचाराची विशेष गरज आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि भोसरी, पिंपरी, चिंचवड व आकुर्डी ह्या गावांच्या शिवारांत कारखाने वाढत गेले. पिंपरी-चिंचवड येथे १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे ही रांग नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पोहोचली, आणि कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावाचे नाव मोटारींसाठीही होऊ लागले. ज्याच्या आजाने मोट हाकली, तो नातू आज यंत्रमानवाशेजारी रात्रपाळी करीत आहे. इतका बदल झाला असता "आमच्यात असे चालत नाही" एवढेच म्हणून भागत नाही; आणि "नवे आले ना, मग घ्या" असे म्हणणाऱ्यानेही जमिनीचे पैसे दोन वर्षांत उडविल्याची उदाहरणे वाचकांस आपल्याच गावात दिसतील.

१. खुले मन कशास म्हणावे?

पुष्कळांची अशी समजूत आहे की, नवे काही सुचणे ही देणगी चित्रकारास, कवीस किंवा मोठ्या शास्त्रज्ञास मिळते. शेतकऱ्याचा, कामगाराचा किंवा चूल सांभाळणाऱ्या स्त्रीचा तिच्याशी संबंध नाही. ही समजूत खोटी आहे. जी बाई उरलेल्या भाकरीचा कुस्करा करून मुलांस आवडीने खाऊ घालते, तिने नवी वस्तू निर्माण केलीच. जो शेतकरी फुटक्या घागरीस छिद्र पाडून झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी सोडतो, त्याचेही काम बुद्धीचेच आहे. त्या दोघांत एक गुण समान आहे. बिघडलेली किंवा अनपेक्षित वस्तू समोर आली असता त्यांनी ती लगेच फेकून दिली नाही. आधी पाहिले, मग "हिचे काय होऊ शकेल?" असे विचारले. खुले मन ते हेच.

२. बुरशीची गोष्ट

१९२८ सालच्या सप्टेंबर महिन्यात लंडन येथील सेंट मेरी रुग्णालयातील डॉक्टर अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून परत आले. रोगजंतू वाढविलेल्या काचेच्या थाळ्या त्यांनी तशाच ठेवल्या होत्या, आणि एका थाळीवर बुरशी आली होती. भाकरीस बुरशी आली म्हणजे आपण ती टाकून देतो, व ते योग्यच आहे. फ्लेमिंग ह्यांनीही ती थाळी धुऊन टाकली असती तर कोणी त्यांस बोल लावला नसता. परंतु त्यांच्या दृष्टीस असे पडले की, बुरशीच्या भोवतालचे जंतू नाहीसे झाले आहेत. "असे का व्हावे?" हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यातूनच पेनिसिलीन ह्या औषधाचा शोध लागला.

पण येथे गोष्ट संपत नाही. फ्लेमिंग ह्यांस तो पदार्थ शुद्ध करून साठविता येईना. सुमारे दहा वर्षांनंतर ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली ह्यांनी ते अर्धे राहिलेले काम उचलले. काळ युद्धाचा होता व भांडी मिळत नव्हती. तेव्हा बुरशी वाढविण्यासाठी त्यांनी रुग्णांची शौचपात्रेदेखील कामास लावली. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांस प्राणघातक जंतू टोचले, चौघांस औषध दिले आणि चौघांस दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले आढळले. औषध मिळालेले चारही जिवंत होते. पुढे १९४१ सालच्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायास ते औषध दिले. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. तरीही त्या मंडळींनी काम टाकले नाही.

अधिक औषध कसे करावे हा प्रश्न अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत पुष्कळसा सुटला. मक्याचे सत्त्व काढल्यावर जे पाणी उरते, ते बुरशीस खाद्य म्हणून दिल्याने उत्पन्न वाढले. १९४३ साली तेथील बाजारातील एका सडलेल्या खरबुजावर आणखी चांगली बुरशी सापडली. वाचकहो, टाकाऊ थाळी, टाकाऊ पाणी आणि सडके फळ ह्या तीन वस्तूंवर ही इमारत उभी आहे, आणि तिच्यायोगे असंख्य माणसांचे प्राण वाचले.

३. पिंपरीचे नाव

ही गोष्ट आम्ही परक्या देशाचे कौतुक करण्यासाठी सांगत नाही. ती आमच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापिला, व १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. दुसऱ्यांनी शोधिलेले औषध आपण तयार करावे, एवढ्यावर तेथील लोकांनी समाधान मानले असते तरी ते देशाचे मोठे काम झाले असते. परंतु त्यांनी स्वतःही शोध आरंभिला. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६१ साली हॅमायसिन नावाचे नवे औषध जगापुढे ठेविले. बुरशीमुळे मनुष्यास जे रोग होतात, त्यांवर ते चालते. ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळाले, तो मातीत वास करणाऱ्या कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना असे ठेविले गेले. पुढे १९६४ साली त्याच कारखान्यातून ऑरिओफंजिन हे औषध निघाले. ते पिकांवरील बुरशीच्या रोगांसाठी उपयोगी पडले.

ह्यावर थोडे थांबून विचार करावा. माती तर आपण रोज तुडवितो. ती पायास लागली तर धुतो, घरात आली तर झाडून टाकतो. त्याच मातीतील एका अदृश्य जीवाने आमच्या पिंपरीचे नाव विज्ञानाच्या ग्रंथांत नेले. पाहणारा डोळा आला म्हणजे सामान्य वस्तूचेही मोल कळते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. १९९० नंतर ह्या कारखान्यास तोट्याचे दिवस आले, व तेथील कामगारांनी पुष्कळ हाल सोसले. त्याची कारणे अनेक असून त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. एकदा शोध लागला म्हणजे पुढील पिढीची सोय झाली, असे कोणी समजू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे. शेतास जशी दर साली नांगरट लागते, तशी मनासही लागते.

४. ज्याचा हात यंत्रावर, त्याची नजर आधी

आमच्या पट्ट्यातील अनेक कारखान्यांत कायझेन हा जपानी शब्द कामगारांच्या तोंडी आहे. अधिक चांगल्याकडे होणारा बदल, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या कारखान्यांत ही रीत रुजली. तिचे मूळ तत्त्व असे की, सुधारणा केवळ मोठ्या साहेबानेच सुचवावी असे नाही; ज्याचा हात यंत्रावर आहे त्यास दोष सर्वांच्या आधी दिसतो, म्हणून त्यास विचारावे. साकिची टोयोडा हे १८६७ साली जन्मलेले एका सुताराचे पुत्र. त्यांनी असा माग बनविला की, धागा तुटताच तो आपोआप थांबे, म्हणजे सदोष कापड विणलेच जात नसे. पुढे त्यांच्या घराण्याने मोटारींचा कारखाना काढला, आणि तेथे दोष दिसताच कामगाराने दोरी ओढून काम थांबवावे अशी वहिवाट पडली. तेथीलच तायची ओनो ह्यांची शिकवण अशी होती की, अडचण आली असता "का?" हा प्रश्न एकदा विचारून थांबू नये, पाच वेळा विचारावा.

हीच रीत मंडळीच्या कामास लावून पाहू. समजा, रात्रीच्या वर्गास मुले येत नाहीत. का? मुलांस अभ्यासाची आवड नाही, असे उत्तर लगेच तयार असते, व तेथेच आपण थांबतो. परंतु पुढे विचारा. मुले त्या वेळी कोठे असतात? घरी. का? धाकट्या भावंडांस सांभाळावे लागते. का? आई कामावर असते. का? तिची दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. मग तिच्या पाळीशिवाय आपल्या वर्गास दुसरी वेळ का नाही? कारण ती आजवर कोणी ठरविलीच नाही! ज्या मुलांस आपण आळशी ठरविले होते, ती तर घर सांभाळीत होती. वर्ग रविवारी दुपारी घेतला की अडचण सुटते. प्रश्न विचारण्याने केवळ युक्ती सापडते असे नाही. शेजाऱ्याविषयीचा आपला अन्यायही दूर होतो.

५. मन बंद का होते?

मन आळसाने बंद होते, गर्वाने बंद होते. परंतु सर्वांत अधिक ते भीतीने बंद होते. धन्याने दिलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला वाचकांस ठाऊक आहे. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. तो केवळ भ्याला, आणि भिऊन त्याने काहीच केले नाही. त्यास जो दोष लागला तो ह्याच गोष्टीचा.

आमच्यापैकी पुष्कळांची भीती फार जुनी आहे. ज्यांच्या वाडवडिलांस गावकुसाबाहेर ठेविले होते, त्यांस "का?" हा शब्द उच्चारण्याचीच मनाई होती. "तुला कोणी विचारले?" हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकून ते मनात घर करून बसले. तरीही त्या अंधारातून आवाज उठले. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ताबाई साळवे ही मांग समाजातील लहान वयाची मुलगी. तिने महारमांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्यात तिने धर्माच्या नावाने चाललेल्या जुलमाविषयी उघड प्रश्न केले. ज्या मुलीस कोणी विचारलेच नव्हते, तिने सर्वांस विचारिले. म्हणून आमच्या घरांत जेव्हा बाप मुलास, सासू सुनेस, किंवा वडील पंच तरुणांस "तुला कोणी विचारले?" असे म्हणतात, तेव्हा आपण कोणाचे जुने शब्द बोलत आहो, ह्याचा त्यांनी विचार करावा.

कारखान्यातही हीच गोष्ट आहे. कंत्राटी कामगारास दोष दिसतो, पण बोलल्यास उद्या फाटकाबाहेर जावे लागेल ह्या भीतीने तो गप्प राहतो. त्यास केवळ "मन मोकळे कर" असा उपदेश करणे म्हणजे भाजलेल्यास थंड राहा म्हणण्यासारखे आहे. ज्याच्या हाती अधिकार आहे, मग तो मुकादम असो, पर्यवेक्षक असो की मंडळीचा वडील असो, त्याने प्रथम भय दूर करावे; आणि ज्याची सूचना असेल त्याचेच नाव तिला द्यावे. दुसऱ्याची कल्पना आपल्या नावावर खपविणे हीही चोरीच होय.

६. आचरण कसे करावे?

पहिली गोष्ट, घाईने निकाल देऊ नये. नवी गोष्ट कानी आली असता होय किंवा नाही म्हणण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

दुसरी, थोड्यावर पारख करावी. ऑक्सफर्डच्या विद्वानांनी आधी आठ उंदीर घेतले. नवे बियाणे आले तर प्रथम एका गुंठ्यात पेरावे, व शेजारी जुने बियाणे पेरून तुलना करावी. महिन्यात पैसा दुप्पट करून देणाऱ्याचा हिशेब मागावा. जो हिशेब दाखवीत नाही, त्यास दार उघडू नये.

तिसरी, नीट न जमलेले काम लपवू नये. फ्लेमिंग ह्यांनी आपले अर्धे काम छापून प्रसिद्ध केले, म्हणूनच दुसऱ्यांस ते पुरे करिता आले.

चौथी, जुने ते केवळ जुने म्हणून टाकू नये. आजीच्या धान्य साठविण्याच्या रीतीत राख किंवा कडुनिंबाचा पाला का असतो, हे विचारावे. खुले मन मागेही पाहते व पुढेही पाहते.

पाचवी, वर्गात, सभेत व घरी जो सर्वांत कमी बोलतो, त्यास सर्वांत आधी विचारावे.

विचारासाठी प्रश्न

(१) आपल्या घरात किंवा कामात अशी कोणती वस्तू अथवा रीत आहे, की जी आपण न पाहताच टाकून देतो?
(२) आपल्या गावातील एक अडचण घेऊन "का?" हा प्रश्न पाच वेळा विचारा. शेवटचे उत्तर पहिल्यापेक्षा निराळे आले काय?
(३) मागील महिन्यात आपण कोणास बोलण्यापासून थांबविले? त्याचे किंवा तिचे म्हणणे काय होते?
(४) दार बंद ठेवणेच योग्य, असा एखादा प्रसंग सांगा, व त्याचे कारण द्या.

वर्ग चालविणाऱ्याने ह्या प्रश्नांची उत्तरे स्वतः आधी सांगू नयेत. प्रथम स्त्रियांस व तरुणांस बोलू द्यावे, आणि जे चांगले निघेल त्यापैकी एक गोष्ट येत्या आठवड्यात करून पाहण्याचे सर्वांनी मिळून ठरवावे.