पट्टी देण्याआधी

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासणीचं काम करतो. स्टीलच्या पट्टीची कड वापरून झिजते, म्हणून १० मिलिमीटरच्या खुणेपासून माप धरायची आमच्याकडे रीत आहे. १०० ची खूण करायची तर ती पट्टीवरच्या ११० वर करायची. नव्याने लागलेला एक मुलगा ते १० मिळवायला विसरला आणि सगळे तुकडे ९० चे कापले गेले. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचता येणारा मुलगा तो! पण शंभर मिलिमीटर म्हणजे केवढं, हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक नव्हतं. असतं तर पहिल्याच तुकड्याला थांबला असता.

सांगवीला घरी येऊन तिसरीतल्या लेकीला वहीची रुंदी मोजायला सांगितली. तिने पट्टीवरचा १ वहीच्या कडेला लावला. तिचं तरी काय चुकलं? मोजायचं ते एकपासून, हे आपणच शिकवतो. मूल रेघा मोजतं, दोन रेघांमधली जागा मोजत नाही. हे तिसरीत निस्तरलं नाही तर तसंच पुढे जातं. त्यामुळे घरच्या आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पट्टी जरा उशिरा द्या.

आधी वीत. जेवायचं टेबल माझ्या वितीने पाच वीत भरलं, लेकीच्या वितीने जवळजवळ आठ. "मग खरं किती?" हा प्रश्न तिनेच विचारला, आणि तो तिचा तिला पडू द्यावा. पूर्वी गावोगावी शेर वेगळा असायचा, म्हणून देशाने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापं आणली, हे तेव्हा सांगितलं तर कळतं. त्यानंतर पुठ्ठ्याचे १० सेंटिमीटरचे सारखे तुकडे कापून द्या. एकाला एक भिडवून, मध्ये फट न ठेवता, दाराची उंची मोजू दे. तुकडे मोजताना जागाच मोजली जाते. मग पट्टी द्या आणि पेन्सिल मुद्दाम ३ च्या खुणेपासून लावायला सांगा. ३ ते ११ म्हणजे आठ, हे बोट ठेवून सांगता आलं की शून्य समजलं. (लोखंडी टेप मात्र एकट्या मुलाच्या हाती नको, परत गुंडाळताना पात्याने बोट कापतं.)

प्रत्येक वेळी आधी अंदाज. तो वहीत लिहायचा, मग मोजायचं, आणि फरक पडला तर "चुकलं" म्हणायचं नाही. "किती जवळ आलीस" एवढंच. मंडईत भाजीवाल्याने काट्यावर टाकण्याआधी पाव किलो मिरची तिला हातात तोलू द्या.

पातळ पदार्थांचं शिकवणं जास्त वेळ खातं. अर्धा लिटर दुधाची पिशवी आधी उभ्या तांब्यात ओता, मग पसरट पातेल्यात. सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं तांब्यात जास्त आहे असंच सांगतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी याचा फार बारकाईने अभ्यास केला होता. समजावून फायदा नाही, पुन्हा पुन्हा ओतू द्या. आमच्याकडे दिवसाआड पाणी, म्हणून ओतायचे खेळ कुंड्यांशेजारीच होतात. तांदूळ मोजताना माझ्या आईने मापटं पुढे करून नातीला विचारलं, "शीग ठेवायची का सपाट?" त्या एका प्रश्नाने तिला जे कळलं, ते मी तासभर बोलून कळलं नसतं.

एक प्रयोग मात्र प्रत्येक घरात व्हावाच. औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या टोपणाने ५ मिलिलिटर पाणी मोजा आणि घरातल्या निरनिराळ्या चमच्यांत ओतून बघा. एखाद्यात ते मावत नाही, एखादा चमचा अर्धाच भरतो. मुलीने हे स्वतः पाहिल्यापासून आमच्याकडे तापाचं औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने कुणी घेत नाही. टोपण हरवलं तर औषधाच्या दुकानातून खुणा असलेली सिरिंज आणतो.